मधुमेह, वजन आणि उतारवयातला विसराळूपणा: आई आणि वडील यांना एकच मोजमाप लावावे का?

अनुस्वार (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील गाळले तर उत्तरही मोघम येईल, म्हणून सर्व काही लिहीत आहे.

माझी आई ७३ वर्षांची आहे आणि तिला १९ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. अंगाने ती पहिल्यापासूनच जाड. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३२ च्या आसपास. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या ती वर्षानुवर्षे घेत आली आहे. गेल्या वर्षभरात तिला नावे आठवत नाहीत, तीच गोष्ट ती अर्ध्या तासात पुन्हा विचारते आणि बोलता बोलता मध्येच गप्प होते. सकाळची शुगर ती एका वहीत टिपून ठेवते. मागच्या महिन्यात त्या वहीत एकाच सकाळच्या दोन नोंदी सापडल्या, चाळीस मिनिटांच्या अंतराने आणि दोन्ही तिच्याच अक्षरात. पहिली नोंद ती विसरली होती आणि बहुधा गोळ्याही तिने दोनदा घेतल्या होत्या. त्या दिवशी अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला. चष्मा हातात धरून ती घरभर चष्मा शोधत होती. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५६. साखरपाणी दिल्यावर वीस मिनिटांत ती ठीक झाली.

वडील ७७ वर्षांचे आहेत. त्यांचा मधुमेह चारच वर्षांपूर्वी लक्षात आला. तेही एकेकाळी स्थूल होते, पण गेल्या दीड वर्षात काही विशेष न करता त्यांचे वजन ८१ किलोवरून ७४ वर आले आहे आणि घरात सगळ्यांना त्याचे कौतुक आहे. त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे. हिशेबाचा कंटाळा येतो म्हणून तो त्यांनी माझ्याकडे सोपवला, एवढाच काय तो बदल.

आता प्रश्न. आईचे एचबीएवनसी (रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी) ६.३ आहे, म्हणजे शुगर उत्तम आहे. ती आणखी कडक ठेवली तर मेंदू वाचेल का? दुसरे असे की स्थूलपणामुळे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतो असे एके ठिकाणी वाचले, तर म्हातारपणी जाड माणसांना तो कमी होतो असे दुसरीकडे. खरे काय मानायचे? आणि हे सगळे स्त्री-पुरुषांना सारखेच लागू पडते का?

---

नाडीपरीक्षा

मी वृद्धांच्या आजारांवर काम करणारा डॉक्टर आहे. न तपासता निदान करणार नाही, पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट इतर सर्व प्रश्नांच्या आधी घ्यायला हवी.

तुम्ही ६.३ हा आकडा अभिमानाने लिहिला आहे. मला त्याची धास्ती वाटते. ग्लिमेपिराइड हे सल्फोनिलयुरिया गटातले औषध आहे. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि ते करताना रक्तात साखर मुळात किती आहे याची पर्वा करत नाही. जेवण लांबले, भूक मंदावली, मूत्रपिंडाचे काम थोडे घटले किंवा गोळी दोनदा घेतली गेली की शुगर लो होते. ७३ व्या वर्षी, १९ वर्षांचा मधुमेह असताना आणि अशी गोळी चालू असताना ६.३ येणे याचा अर्थ दिवसातून कधीतरी साखर बरीच खाली जात असण्याची शक्यता आहे, तुमच्या नजरेस पडली नाही तरी. एचबीएवनसी ही दोन-तीन महिन्यांची सरासरी आहे, आणि खूप वरचे व खूप खालचे आकडे मिसळूनही सरासरी देखणी दिसू शकते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीराच्या ऊर्जेतला साधारण २० टक्के वाटा तो एकटा वापरतो आणि साखरेचा फारसा साठा करून ठेवत नाही. म्हणून लो शुगरचा पहिला फटका त्यालाच बसतो. मधुमेह असलेल्या १६,००० हून अधिक वयस्कर रुग्णांचा पाठपुरावा करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, रुग्णालय गाठावे लागेल इतकी साखर उतरण्याची घटना एकदा घडलेल्यांमध्ये पुढे डिमेन्शियाचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी, आणि तीन किंवा अधिक वेळा घडलेल्यांमध्ये जवळजवळ दुपटीने जास्त आढळले. आईची घटना तितकी गंभीर नव्हती, हे मान्य. शिवाय बाण दोन्ही दिशांना जातो: स्मृती ढासळली की गोळ्यांचा घोळ होतो, घोळ झाला की साखर उतरते आणि उतरलेली साखर स्मृतीला आणखी ओरखडा काढते. तुमच्या वहीतल्या त्या दोन नोंदी म्हणजे हेच चक्र कागदावर उतरलेले आहे.

शुगर कडक ठेवून मेंदू वाचतो का, हे थेट तपासून झाले आहे. अ‍ॅकॉर्ड या मोठ्या चाचणीतल्या जवळपास ३,००० रुग्णांमध्ये एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न केलेला गट आणि ७ ते ८ च्या दरम्यान ठेवलेला गट यांची तुलना झाली. २०११ मध्ये निष्कर्ष आले. ४० महिन्यांनी कडक गटात मेंदूचे आकारमान किंचित जास्त टिकले होते, पण स्मृती आणि विचारशक्तीच्या चाचण्यांत कोणताही फायदा दिसला नाही. त्याच चाचणीच्या कडक गटात मृत्यू वाढल्यामुळे तो उपचार २००८ मध्येच थांबवावा लागला होता. म्हणूनच अमेरिकी मधुमेह संघटना निरोगी ज्येष्ठांसाठी ७.० ते ७.५ च्या खाली आणि स्मृतीची तक्रार किंवा अनेक आजार असलेल्यांसाठी ८ च्या खाली, अशी सैल उद्दिष्टे सुचवते.

याचा अर्थ वाढलेली साखर निरुपद्रवी आहे असा मात्र घेऊ नये. २०१३ मधल्या एका अभ्यासात मधुमेह नसलेल्या वयस्करांमध्येही सरासरी साखर १०० ऐवजी ११५ असेल तर डिमेन्शियाचा धोका १८ टक्क्यांनी जास्त दिसला होता. वर्षानुवर्षे चढलेली साखर बारीक रक्तवाहिन्या खराब करते, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा पांढरा भाग हळूहळू जर्जर होतो. पण हे नुकसान पन्नाशीपासून साचत आलेले असते, आणि त्र्याहत्तराव्या वर्षी गोळी वाढवून ते भरून निघत नाही.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या आणि ग्लिमेपिराइडऐवजी साखर प्रमाणाबाहेर न उतरवणारे काही देता येईल का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. स्वतःहून गोळी बंद करू नका. त्याच भेटीत बी-१२ ची तपासणी मागा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने ते कमी होऊ शकते आणि त्याच्या कमतरतेमुळे येणारा विसराळूपणा भरून काढता येतो. थायरॉईड, मूत्रपिंडाचे काम, नैराश्य, ऐकू येणे आणि झोपेत घोरताना श्वास अडकणे याही बाजू पाहून घ्या. आईच्या बीएमआयकडे पाहता शेवटची शक्यता मी विशेष गांभीर्याने घेईन.

---

शंकेखोर

मी डॉक्टर नाही. आकडेवारी हा माझा व्यवसाय आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नातला विरोधाभास खरा आहे आणि तो समजून घेतला की तुमच्या घरातली चिंता वेगळ्या माणसाकडे वळेल, असे मला वाटते.

आधी दोन्ही बाजू मांडतो. अमेरिकेत १९६४ ते १९७३ या काळात, वयाच्या ४० ते ४५ व्या वर्षी तपासलेल्या १०,२७६ लोकांचा पुढे सरासरी २७ वर्षे मागोवा घेतला गेला. तेव्हा स्थूल असलेल्यांमध्ये उतारवयात डिमेन्शियाचे प्रमाण सामान्य वजनाच्या लोकांपेक्षा ७४ टक्क्यांनी जास्त निघाले, नुसतेच वजन जास्त असलेल्यांमध्ये ३५ टक्क्यांनी. मग २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या जवळजवळ २० लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदींचा अभ्यास आला आणि त्यात चित्र उलटे दिसले: सर्वांत जास्त धोका किडकिडीत लोकांना आणि वजन वाढेल तसा तो कमी.

दोघांतला कोण चुकला? माझ्या मते कोणीच नाही. दोघांनी घड्याळ वेगवेगळ्या वेळी पाहिले. २०१८ मध्ये १३ लाख लोकांची माहिती एकत्र करून वजन मोजल्यापासून निदान होईपर्यंत किती काळ गेला, यानुसार ती वेगळी काढली गेली. मोजणी निदानाच्या वीस किंवा अधिक वर्षे आधीची असेल तर जास्त वजन धोका वाढवणारे ठरले. मोजणी निदानाच्या आधीच्या दहा वर्षांतली असेल तर हेच नाते उलटे झाले. कारण डिमेन्शिया ओळखू येण्याच्या कितीतरी आधी तो शरीरात कामाला लागलेला असतो: भूक मंदावते, वासाची जाण कमी होते, जेवणाची आठवण राहत नाही, स्वतः काही करण्याची उमेद कमी होते आणि वजन उतरू लागते. म्हणजे कमी वजनाने आजार आणलेला नसतो. येऊ घातलेल्या आजाराने वजन खाल्लेले असते. म्हातारपणी चरबी मेंदूचे रक्षण करते, हा निष्कर्ष त्यातून काढणे म्हणजे धूर विझवला की आग विझेल असे मानणे.

आता तुमचे पत्र पुन्हा वाचा. सगळे घर आईकडे पाहत आहे, कारण तिची चूक वहीत दिसते. पण वडिलांचे वजन दीड वर्षात, काहीही न करता, ७ किलोंनी उतरले आहे. म्हणजे मूळ वजनाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त. आणि जो माणूस आयुष्यभर हिशेब ठेवत आला, त्याने तो दुसऱ्याकडे सोपवला. कंटाळा हे कारण खरेही असेल. मात्र पैशांचे व्यवहार अवघड वाटू लागणे हे स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या खुणांपैकी एक आहे आणि त्यात माणूस फार शिताफीने ‘मला कंटाळा येतो’ असे म्हणतो. वजन उतरण्याला वाढलेली साखर, थायरॉईड, नैराश्य, दात किंवा एखादा लपलेला आजार, कर्करोगसुद्धा, अशी इतर कारणेही असू शकतात. यांतले कोणतेच कौतुक करण्याजोगे नाही.

स्त्री-पुरुषांच्या भेदाबद्दल लोक फार ठामपणे बोलतात, म्हणून तिथे थोडा जास्त थांबतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या, १९४८ पासून चालत आलेल्या हृदयविकार अभ्यासातल्या ५५ ते ८८ वयाच्या लोकांच्या चाचण्यांवर २००३ मध्ये जो निबंध आला, त्यात स्थूलतेचा बुद्धीच्या कामावरचा वाईट परिणाम फक्त पुरुषांमध्ये दिसला. त्याच वर्षी स्वीडनमधून ७० वर्षांच्या ३९२ जणांचा पाठपुरावा केलेला अभ्यास आला. त्यात जास्त वजन आणि पुढचा अल्झायमर (डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) यांचे नाते फक्त स्त्रियांमध्ये दिसले. एकाच वर्षी नेमके उलटे दोन निष्कर्ष! पण पहिल्यात त्या वेळची बौद्धिक कामगिरी मोजली होती आणि दुसऱ्यात पुढे होणारा आजार. त्यात भर म्हणजे स्थूल, मधुमेही पुरुषांपैकी बरेच जण हृदयविकाराने सत्तरीच्या आधीच जातात, आणि जे उरतात ते काटक असतात. त्यांची तुलना त्याच वयाच्या स्त्रियांशी करणे म्हणजे शर्यत अर्धी संपल्यावर धावपटू मोजणे.

मधुमेहाबाबत मात्र पाया अधिक भक्कम आहे. २०१६ मध्ये १४ अभ्यासांतल्या सुमारे २३ लाख लोकांची माहिती एकत्र करण्यात आली. मधुमेहाने कोणत्याही डिमेन्शियाचा धोका स्त्री-पुरुष दोघांतही सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो असे दिसले. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियात मात्र फरक पडला: पुरुषांत तो धोका सुमारे १.७ पट, तर स्त्रियांत २.३ पट. त्यामुळे दोघांनाही एकच मोजमाप लावावे का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की भेद आहे, पण तुमच्या घरात आई आणि वडील यांच्यातला खरा फरक लिंगाचा नसून काळाचा आहे. आईचा मधुमेह १९ वर्षांचा, वडिलांचा चार. सुमारे १०,००० ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात ७० व्या वर्षाचा हिशेब मांडला तेव्हा मधुमेह जितका लवकर सुरू झालेला, तितका डिमेन्शियाचा धोका अधिक, असेच दिसले होते.

---

मधुमती

मी ६८ वर्षांची आहे आणि २२ वर्षांपासून मधुमेही आहे. वरच्या दोघांइतके माझ्याकडे आकडे नाहीत, पण चाचणीच्या खुर्चीत मी स्वतः बसले आहे.

मला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. पाचही मी घडाघडा सांगितले आणि बरोबर आलेल्या मुलीने निःश्वास टाकला. मग घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले. मी मोठा काटा सरळ १० या आकड्यावर नेऊन ठेवला आणि चूक माझ्या ध्यानातही आली नाही. घरी आल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहताना एकदम कळले की तो २ वर हवा होता. त्यावर डॉक्टरांनी जे सांगितले ते तुमच्या आईसाठी लिहिते: शब्द लक्षात ठेवण्यात स्त्रिया सर्वसाधारणपणे पुरुषांहून सरस असतात, त्यामुळे केवळ शब्दांच्या चाचणीत बाईचा आजार उशिरापर्यंत झाकला जाऊ शकतो. आणि मधुमेहात नुसती आठवण जात नाही. आखणी करणे, क्रम लावणे, एकातून दुसऱ्या कामाकडे वळणे हे आधी मंदावते. म्हणून चाचणी पूर्ण करून घ्या, निम्मीअर्धी नको.

दुसरे, गोळ्यांचा आठवड्याचा डबा आणा, सात वार आणि सकाळ-संध्याकाळ असे कप्पे असलेला. कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतलेली आहे, विषय संपला. डबा तिने स्वतः भरावा, तुम्ही शेजारी बसून फक्त पाहावे. माझ्या मुलीने पहिल्या आठवड्यात तो माझ्या हातून काढून घेतला होता तेव्हा मला जे वाटले, ते शुगर लो होण्यापेक्षा वाईट होते.

---

पाणवठा

विषयाला धरूनच एक शंका विचारतो. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या नव्या औषधांनी मेंदूचेही भले होते, असे बरेच ऐकू येते. अल्झायमरला ‘टाइप ३ मधुमेह’ म्हणतात असेही वाचले. मग दोघांनाही तीच औषधे का देऊ नयेत?

---

नाडीपरीक्षा

‘टाइप ३ मधुमेह’ ही संज्ञा २००५ च्या सुमारास एका संशोधक गटाने वापरली. मेंदूच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, हे त्यांना त्यातून सुचवायचे होते. कल्पना म्हणून ती कामाची आहे. इन्सुलिनचे विघटन करणारे एन्झाइमच अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचेही विघटन करते, हे अगदी खरे आहे. पण मान्य निदान म्हणून ती संज्ञा कुठेही वापरली जात नाही. रुग्णाच्या घरी ती पोहोचली की शुगर आटोक्यात आली म्हणजे अल्झायमर बरा होईल, असा भलता अर्थ निघतो.

सेमाग्लुटाइडच्या गोळ्या अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांना देऊन पाहिलेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०२५ च्या अखेरीस जाहीर झाले. आजाराची गती त्यांनी मंदावली नाही. मधल्या वयात ही औषधे घेतल्याने पुढे फायदा होतो का, हा वेगळा प्रश्न आहे. तुमच्या प्रश्नापुरते सांगायचे तर श्री. अनुस्वार यांच्या वडिलांसारख्या, आपोआप वजन उतरत असलेल्या ७७ वर्षांच्या माणसाला भूक मारणारे औषध देणे मला अजिबात पसंत नाही. या वयात वजनाबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की माणूस पडतो.

आईचे वजन थोडे कमी झाले तर गुडघ्यांना आणि झोपेला बरे वाटेल, पण मेंदूसाठी मी वजनकाट्याच्या मागे लागणार नाही. तिच्या बाबतीत मला रक्तदाब, चालणे आणि स्नायूंना ताण देणारे साधे व्यायाम जास्त महत्त्वाचे वाटतात. फिनलंडमधल्या चाचणीत ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असे सगळे एकत्र दिले होते. दोन वर्षांनी त्यांच्या बौद्धिक क्षमतेत माफक, पण स्पष्ट फायदा दिसला.

---

अनुस्वार

सर्वांचे आभार. एक दुरुस्ती: मी श्री. नव्हे, श्रीमती आहे. पण ते असो.

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. आईचे बी-१२ खरोखरच कमी निघाले आणि त्याची इंजेक्शने सुरू झाली आहेत. ग्लिमेपिराइड बंद करून दुसरी गोळी दिली आहे. आता सकाळचा आकडा १३० ते १४५ असतो आणि आईला ते मुळीच मान्य नाही. १९ वर्षे ११० च्या खाली राहण्यात जिचे कौतुक झाले, तिला एवढा आकडा चालतो हे पटवणे सर्वांत अवघड गेले. ती अजून नावे विसरते. पण अकराच्या सुमाराचे ते गप्प होणे थांबले आहे, आणि ते बहुधा विसरणे नव्हतेच, साखर उतरणे होते.

वडिलांना तपासणीसाठी तयार करायला तीन आठवडे लागले. शेवटी, आईबरोबर सोबतीला म्हणून चला, असे सांगितले. स्मृतीच्या चाचणीत त्यांना तीसपैकी २१ गुण मिळाले, आईला २४. शंभरातून सात, मग पुन्हा सात वजा करत जायचे होते. जन्मभर हिशेब ठेवलेला माणूस ८६ पर्यंत गेला आणि मग डॉक्टरांनाच म्हणाला, ‘हे कंटाळवाणे आहे.’ त्या वेळी आईने माझ्याकडे पाहिले. तिच्या लक्षात केव्हापासून आले होते, हे मी अजून तिला विचारलेले नाही.

त्यांचा स्कॅन आणि बाकीच्या रक्ततपासण्या पुढच्या आठवड्यात आहेत. तोवर दर रविवारी त्यांचे वजन आईच त्याच वहीत लिहून ठेवते, तिच्या शुगरच्या शेजारच्या रकान्यात. मागच्या रविवारी एकच नोंद होती, ७३.६.